खड्ड्याच्या जागी ओटा

आमचं घर म्हणजे एक खोली. तिचा अर्ध्याहून जास्त भाग मागाचा, उरलेल्यात आम्ही तिघं. बाबा, माय आणि मी.

खड्ड्याचा माग होता. जमिनीत मांडीपर्यंत खोल खड्डा, त्याच्या काठावर बाबा पाय खाली सोडून बसायचे. पायाखालच्या फळ्या एकाआड एक दाबल्या की सूत वर-खाली व्हायचं आणि मधून आडवं सूत घेऊन धोटा पळायचा. समोर पार भिंतीपर्यंत ताणलेलं सूत. घरात कुठंही जायचं तर त्या सुताखालून वाकून जायचं. आजही मी एखाद्या दारातून जाताना उगाच मान खाली घालते, तिथली सवय आहे. वयात आल्यावर कपडे बदलायचे तेही त्या सुताच्या आड, आणि माय लुगड्याचा पदर धरून उभी.

चूल घरात पेटवायची नाही, धुरानं सूत काळं पडतं. म्हणून चूल परसात, वर पत्र्याचा एक तुकडा. पावसाळ्यात तो पत्रा दोन्ही बाजूंनी गळायचा. शिवाय पावसाळ्यात सुताला लावलेली खळ वाळत नाही. खळ वाळली नाही की विणणं बंद, आणि विणणं बंद की मजुरी बंद. ते दिवस आम्ही तुमसरच्या राइस मिलमधून आणलेल्या कनकीवर, म्हणजे तुटक्या तांदळावर, आणि लाखोळीच्या डाळीवर काढले. पाहुणा आला तर त्याला बसवायला जागा नव्हती. बाबा मागावरून उठून बाहेर लिंबाखाली जायचे, आणि पाहुणाही त्यांच्यामागून बाहेर.

मोहाडीच्या बाजूचं आमचं गाव. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग होते. बाबा सूत देणाऱ्या शेठकडे कापड घेऊन गेले की मी त्यांच्या जागी बसायचे, खड्ड्यात पाय सोडून, आणि तयार कापड गुंडाळतात त्या दांड्यावर वही ठेवून अभ्यास करायचे. आमच्या घरात टेबल-खुर्ची म्हणावं असं तेवढंच होतं.

मी शाळेत होते तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गुरुजींनी भिंतीवरच्या जुन्या नकाशावर खडूनं रेघ ओढली आणि म्हणाले, इकडचं आपलं, तिकडचं त्यांचं. घरी येऊन मी बाबांना ही मोठी बातमी सांगितली. त्यांनी धोटा थांबवला नाही.

"मंग आपला माग कोनीकडं आला?"

"भंडाऱ्यातच."

"मंग ठीक हाय."

मायला विणता येत होतं. बाबा तापानं पडले की ती बसायची. पण तिचे पाय फळ्यांना पुरायचे नाहीत, ती बोटांच्या टोकांवर दाबायची आणि लवकर थकायची. त्याचं कारण आमच्याकडची एक रीत. आमच्यात खड्डा बसणाऱ्याच्या पायाच्या मापाचा खोदतात. पोरगा पुरता वाढून पहिल्यांदा मागावर बसणार असला की घरातलं मोठं माणूस त्याला उंच काठावर बसवतं, पाय सैल सोडायला लावतं आणि बांबूच्या कामटीनं बैठकीपासून टाचेपर्यंतचं माप घेतं. कामटी तेवढी तोडायची आणि छपरात खोचून ठेवायची. खड्डा तिच्याहून वीतभर जास्त खोल, खाली फळ्या हलायला. बाबांची कामटी त्यांच्या वडिलांनी तोडलेली होती. धुरानं नाही, वयानंच काळी झालेली.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही आणि नम्रपणानं बारीकही करत नाही. बाबांनी माग हाणला, मायनं धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरल्या आणि मी नागपूरला जाऊन सिव्हिलची डिग्री घेतली. कम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, आपापल्या घराचा नकाशा काढा. बाकीच्यांनी हॉल, किचन, बेडरूम काढले. मी एक चौकोन काढला आणि त्यात एक लहान चौकोन.

सर म्हणाले, "हे काय, पाण्याची टाकी?"

"माग आहे सर."

"घरात?"

"सर, घरच त्याच्याभोवती आहे."

वर्ग हसला. मीही हसले. पण तो नकाशा मी पुसला नाही. माझ्या कम्प्युटरमध्ये अजून आहे.

नोकरी पुण्याला लागली. एका डिझाइन ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची घरं काढायची. थोडं स्थिर झाल्यावर मी घरी सांगितलं, जुनं घर पाडून त्याच जागी पक्कं घर बांधू. माय लगेच कामाला लागली, स्वयंपाकघर कसं, धुणं कुठं, तुळस कुठं. बाबांची एकच गोष्ट होती.

"मागाले जागा ठेवजो. खिडकीपाशी. उजेड डाव्या आंगानं आला पायजे."

"ठेवीन नं बाबा. समोरची खोली तुमचीच."

"खड्डा पक्का बांधून घेजो. ओल येते अन् मंग गुडघे धरतात."

माप मी टेपनं घेतलं. ते अंगणातल्या भिंतीवर पाय सोडून बसले आणि मी खाली उकिडवी. माय दारातून पाहत होती.

"आता पोरगी बापाचं माप काढून राहिली," ती म्हणाली. "नवरदेवाचा कोट शिवाचा हाय का?"

"कोटच समज," बाबा म्हणाले. "घराचाच कोट हाय."

मग त्यांनी छपरातून कामटी काढून माझ्या टेपला लावून पाहिली. दोन्ही बरोबर आले, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

पुण्यात परत आल्यावर मी रविवारी बसून आमच्या घराचा नकाशा काढला. कितीतरी लोकांची घरं काढली होती, पण हे काढताना हात वेगळाच चालत होता. समोरच्या खोलीत खिडकीपाशी खड्डा काढला. नुसता चौकोन काढून थांबले नाही. तो किती खोल ते दिसावं म्हणून त्याला जमिनीच्या खाली तेवढं माप दिलं. आमच्या प्रोग्राममध्ये खाली जाणाऱ्या मापाच्या आधी उण्याचं चिन्ह द्यावं लागतं, ते दिलं. बाजूला मराठीत लिहिलं, मागाचा खड्डा. लिहून झाल्यावर खुर्ची मागे सरकवून पाहत बसले. कॉलेजातल्या त्या चौकोनाला आता भिंती, दारं, खिडक्या, सगळं आलं होतं.

गावात घर बांधायचं तर जवळच्या इंजिनियरची सही लागते, आणि मिस्त्री रोज विचारायला पुण्याला येणार नव्हता. म्हणून ती फाईल मी भंडाऱ्याच्या एका ऑफिसला मेलनं पाठवली. लोखंडाचं काम, सही आणि मिस्त्रीसाठी छापील कागद तिथून निघणार होते. शिवाय आमच्या मिस्त्रीला रंगीत चित्र हवं होतं. आता गावातही कोणी नुसत्या रेघांवर घर बांधत नाही, भिंतीला कोणता रंग, कठडा कसा, हे सगळं चित्रात दिसलं पाहिजे. भंडाऱ्याचं ऑफिस दुसऱ्या प्रोग्राममध्ये काम करायचं, चित्रं काढणाऱ्या. माझी फाईल तिथं थेट उघडत नव्हती.

फोन आला, "मॅडम, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पाठवा न. आमच्याकडं एरर देऊन राहिली."

पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, "आली मॅडम. भिंती-गिंती सगळ्या आल्या."

काही दिवसांनी त्यांनी मला घराचं समोरचं चित्र पाठवलं. पिवळ्या भिंती, चॉकलेटी कठडा, दारात एक लाल मोटार उभी केलेली. ती मोटार पाहून मी आणि माझ्या खोलीतली मैत्रीण पोट धरून हसलो. आमच्या गल्लीत मोटार शिरतच नाही. आतलं चित्र मला आलं नाही. ते थेट मिस्त्रीकडे गेलं.

जुनं घर पाडायच्या आधी बाबांनी माग सोडवला. मायनं फोनवर सांगितलं, एकेक लाकूड पुसून, जुन्या धोतरांत गुंडाळून, समोरच्या काकाच्या पडवीत रचून ठेवलं. उभं सूत ओवायची फणी तर उशाशी घेऊन झोपतात म्हणे. आम्ही दोघी हसलो.

बांधकाम चालू होतं तेव्हा मी फोन करायचे.

"कसं काय चाललं बाबा?"

"मस्त चाललं. तुह्या कागदापरमानंच चाललं."

असंच दर वेळी. थोडे दिवस गेल्यावर ते फोनवर कमी बोलू लागले. "घे, मायसंग बोल." मला वाटलं, उन्हाचं उभं राहून थकत असतील. मीही दर फोनला म्हणायचेच, बाबा, आता पुष्कळ झालं, गुडघे दुखतात, जरा आराम करा. शहरात राहणारी कुठली पोरगी असं म्हणत नाही?

दिवाळीच्या आधी सुट्टी काढून मी आले. वरठी स्टेशनला गाडीतून उतरले तेव्हा मिस्त्रीच मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता. वाटभर तो आपल्या कामाचं कौतुक करत होता. "बाई, असा ओटा तं भंडाऱ्यात बी कोनाच्या घरी नाई." मला वाटलं, स्वयंपाकघरातला म्हणत असेल.

समोरच्या खोलीत पाय ठेवला आणि मी थांबले. खिडकीपाशी, डाव्या अंगानं उजेड येईल अशा जागी, काळ्या गुळगुळीत दगडाचा एक ओटा उभा होता. चांगला उंच. जितका खड्डा खोल जायचा होता तितकाच उंच.

"हे काय?" मी म्हटलं.

"ओटा," मिस्त्री म्हणाला. "कागदावर हाय तसाच. इंचाचा फरक नाई, मोजून पाह्य."

बाबा मागे उभे होते. नवा शर्ट घातला होता. "चांगला हाय," ते म्हणाले. "थंड राह्यते. दुपारी आंग टाकाले बरा."

"बाबा, माग?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आता कायले माग? तूच तं म्हणत होती, आराम करा."

आणि ते मिस्त्रीला चहा सांगायला म्हणून बाहेर गेले.

खरं काय झालं ते मायनं परसात चुलीपाशी सांगितलं. नवं स्वयंपाकघर असूनही तिनं तिथं चूल ठेवलीच होती.

"मिस्त्री म्हणे, खिडकीपाशी ओटा हाय. हे म्हणे, खड्डा असन बावा, नीट पाह्य. मंग त्यानं रंगाचं चित्र काढून दाखवलं. काळा ओटा, त्याच्यावर फुलाची कुंडी. हे कागद धरून कितीक येळ उभे राह्यले. मंग म्हणे, पोरीनं काढलं नं, इचार करूनच काढलं असन. बांध."

"माय, मले फोन काहून नाही लावला?"

"मी म्हटलं न लावा म्हून. तं म्हणे, कायले लावाचा? तिले तोंडानं सांगाले जड गेलं असन, म्हून कागदावर सांगितलं. शिकली-सवरली पोरगी हाय. आपल्याले समजाले पायजे."

मी तिथंच बसले.

"अन् माग?"

"देऊन टाकला. ज्या दिवशी ओट्याले दगड बसला त्याच दिवशी. खांब पवनीकडच्या भाच्यानं नेले, त्याच्या गोठ्याले लागले. फणी मागच्या गल्लीतल्या बुढ्याले देली, तो अजून विनते. धोटे लेकरं खेळाले घेऊन गेले." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी ओरडली नाई बाई. त्याइचं तोंड पाहून ओरडाचं मन नाई झालं."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन भंडाऱ्याला त्या ऑफिसात गेले. भांडायलाच गेले होते. चित्रं काढणारा माझ्याच वयाचा होता, साधा माणूस. मी कोण ते कळल्यावर उठून उभा राहिला.

"मॅडम, कलर छान दिला होता न मी?"

मी म्हटलं, फाईल उघडा. त्यानं त्याच्या कम्प्युटरवर उघडली, मी माझ्या. दोन्ही पडदे शेजारी ठेवले. तीच फाईल. तीच खोली, तीच खिडकी. माझ्याकडे चौकोन जमिनीच्या खाली गेलेला, त्याच्याकडे जमिनीच्या वर आलेला. उण्याचं चिन्ह त्यांच्या प्रोग्रामनं फाईल आत घेताना गाळलं होतं. आणि जिथं मी मराठीत मागाचा खड्डा लिहिलं होतं, तिथं त्याच्या पडद्यावर नुसते रिकामे चौकोन होते. आमच्याकडची मराठी अक्षरं त्यांच्याकडे वाचली जात नव्हती.

"नाव दिसलं नाई मॅडम," तो म्हणाला. "उंची तेवढी दिसली. एवढी उंची मंजे ओटाच असते. मी म्हटलं, खिडकीपाशी हाय तं बसाले केला असन. काळा दगड मीच लावला, अन् त्या रिकाम्या चौकोनांच्या जागी ओटा लिहिलं."

"फोन करून विचारायचं तरी."

"ओटा हाय का म्हून कोन विचारते मॅडम?"

त्याचंही खरं होतं. मी भांडले नाही. दोन्ही पडद्यांचे छापील कागद मात्र मागून घेतले, कारण तोंडानं सांगितलेलं बाबांनी मला वाईट वाटू नये म्हणून मानल्यासारखं केलं असतं. परतताना बसच्या खिडकीशी बसून मी ते दोन कागद मांडीवर धरले होते. मला राग कशाचा येत होता ते मला नीट सांगता येणार नाही. खड्डा परत करता आला असता. पण इतके महिने माझ्या बापानं मनात धरलं होतं की पोरीनं मला उठ म्हटलं. आणि तो उठला होता. काही न बोलता, सगळं देऊन टाकून.

बाबा ओट्यावरच बसले होते. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"बाबा, हा माझा. हा त्यांचा."

त्यांनी चष्मा घातला. माझ्या कागदावर बोट फिरवत ते खाली गेलेल्या रेघेपर्यंत आले आणि बाजूचं वाचलं. मागाचा खड्डा. पुन्हा वाचलं.

"मंजे तू नाई म्हटलं?"

"नाही बाबा. मी कधीच नाही म्हटलं."

"मंग कोनं म्हटलं?"

"कोनीच नाही. फाईल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेली, तिथं खालचं वर झालं."

"फाईल अशी उलटी होते?"

"होते कधी कधी."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. दुपट्ट्यानं चष्मा पुसला, मग तोंड पुसलं. मग एकदम हसायला लागले, आणि हसता हसता मायला हाक मारली.

"अवो, आयकलं का? पोरगी नाई म्हणे. कम्प्युटर उलटा झाला म्हणे."

"मी म्हटलंच होतं फोन लावा म्हून," माय आतून म्हणाली. "माह्यं कोन आयकते या घरात!"

"मिस्त्रीले सांगजो," बाबा मला म्हणाले, "त्यानं एवढा मजबूत ओटा बांधला, आता फोडाले त्यालेच घाम फुटन."

त्या संध्याकाळी ते मागच्या गल्लीत फणी परत मागायला गेले. बुढा म्हणाला, माझं लुगडं मागावर आहे, तेवढं उतरू दे. बाबा म्हणाले, उतरू दे, घाई नाही. घरी येऊन खांबांसाठी कोणतं लाकूड घ्यायचं त्याचं बोलत राहिले. इतक्या महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते, मायच म्हणाली.

मी म्हटलं, उद्याच मिस्त्रीला बोलावू. ते म्हणाले, मंडई होऊ दे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचे खेळ होतात, पाव्हणे येतात. नव्या घरात दगडमातीचा ढिगारा बरा दिसत नाही. "एवढे दिवस राह्यलो, अजून थोडे राहीन." मी पुण्याला परत गेले.

मंडईचे पाव्हणे गेल्यावर मायचा फोन आला. बाबांना लकवा मारला होता. उजवं अंग.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा त्यांना धरून चालवावं लागायचं. जीभ थोडी जड, बाकी डोकं शाबूत. उजवा पाय मात्र गेला तो गेलाच. एका पायानं माग चालत नाही. मिस्त्रीला कोणी बोलावलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

बाबा दिवसभर त्या ओट्यावर बसायचे. उंच होता, म्हणून माय आणि काका मिळून बसवून द्यायचे. पाय खाली सोडलेले, जमिनीला न लागणारे. मी सुट्टीत आले की दारात बसून त्यांच्याकडे पाहायचे. डावा पाय हलत असायचा. खाली दाबायचा, वर यायचा, थांबायचा. मग उजव्याची पाळी जेवढी, तेवढा वेळ तो थांबून राहायचा. मग पुन्हा डावा.

माझं लक्ष आहे हे त्यांना कळलं.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "खड्डा वर आला नं, म्हून पाय टेकून नाई राह्यले."

मी हसले. त्यांना हसवायचं होतं म्हणून हसले. मग परसात जाऊन तोंड धुतलं.

त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला. धान कापायला आलं होतं तेव्हा गेले. घरातून नेताना चार माणसांनी त्यांना आधी त्या ओट्यावरच ठेवलं होतं, कारण खोलीत दुसरी जागा तशी नव्हती. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. दगडाकडे पाहत होता.

मी पुणे सोडलं. नागपूरला दुसऱ्या ऑफिसात लागले, गावी मायजवळ राहून रोज वरठीहून गाडीनं येणं-जाणं. ऑफिसात माझी एक सवय आहे. फाईल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला जाणार असली की ती आधी मी त्या प्रोग्राममध्ये स्वतः उघडते. टाकी, खड्डा, तळघर, जे जे खाली जातं त्याच्या बाजूला अक्षरात लिहिते, जमिनीच्या खाली, आणि ती अक्षरं तिकडे वाचता येतात की नाही तेही पाहते. समोरच्याकडून आतलं चित्र मागवते. सोबतचे म्हणतात, मॅडम, तुम्ही फाईल पाठवता की पोरगी सासरी पाठवता? म्हणोत.

वर्षश्राद्ध झाल्यावर एक दिवस माय म्हणाली, "ओटा फोडून टाक."

"काहून माय? त्याइची आठवण आहे."

"त्याइची आठवन काय ओटा हाय? ओटा तं त्या भंडाऱ्याच्या पोट्ट्याचा हाय. त्याइचा खड्डा होता. तो करून घे, मी बसीन."

मिस्त्री आला. मजुरी घ्यायला तयार नव्हता, मायनं बळंच हातात कोंबली. ओटा खरंच मजबूत होता. बाबा म्हणाले होते तसाच मिस्त्रीला घाम फुटला. दगड निघाला, विटा निघाल्या, खालची फरशी फोडली, मग माती लागली. काळी, थोडी ओलसर. जुन्या घराच्या खड्ड्याची माती असावी, कारण तिच्यात सुताचे बारके तुकडे होते.

"खोल किती घेऊ?" मिस्त्रीनं विचारलं.

मी लॅपटॉप उघडायला लागले. माय आत गेली आणि धान्याच्या कोठीमागून बांबूची कामटी घेऊन आली. बाबांनी सगळा माग देऊन टाकला होता, ही दिली नव्हती.

"माय, बसणार तूच आहेस," मी म्हटलं. "तुझ्या मापाचा घेऊ. तुझे पाय पुरणार नाहीत."

"त्याइच्याच मापाचा खोदा."

खोदला. आतून बांधून घेतला, ओल येऊ नये म्हणून. खांब नव्या लाकडाचे केले, कारण जुने गोठ्यातून निघाले नाहीत. फणी बुढ्यानं स्वतः आणून दिली. एक धोटा गल्लीतल्या एका घरी सापडला, पोरांनी त्याची नाव करून डबक्यात सोडली होती, तरी चांगला होता. बाकीचं मोहाडीहून आणलं. समोरच्या काकानं ताणा, म्हणजे उभं सूत, लावून दिला.

माय काठावर बसली. पाय लोंबकळत राहिले, तिला माहीतच होतं. ती म्हणाली, जेवायचा पाट आण. फळ्या उचलायला खड्ड्यात त्यांच्याखाली एक पाट टाकला, पुरला नाही. दुसरा टाकला. मग तिनं पदर खोचला, डावा पाय दाबला आणि उजवा दाबला.

डाव्या अंगानं उजेड येत होता.

मी कामावर जाताना ती बसलेली असते, येते तेव्हा उठलेली असते. मध्ये तिची कंबर धरली, काही दिवस बंद ठेवलं. खळ वाळत नव्हती तेव्हाही बंद. कोणाची मजुरी नाही, कोणाची घाई नाही. मागच्या महिन्यात तिनं त्या मागावर एक नऊवारी लुगडं विणून पूर्ण केलं.